कुरणाचे गणित : स्थिरांक जेव्हा स्थिर राहत नाहीत

नागपंचमीच्या सुमारास गावोगावी झाडांना झोके बांधलेले तुम्ही पाहिले असतील. झोक्यावर उभे राहून झोका घेणारी मुलगी नीट निरखून पाहा. तिला मागून कोणी ढकलत नाही. ती फक्त ठरावीक वेळी गुडघ्यांत वाकते आणि ठरावीक वेळी उभी राहते. तेवढ्याने झोका उंच उंच जातो. हे कसे होते?

पुस्तकात आपण लंबक शिकतो. त्याची लांबी ठरलेली असते व तीवरून आंदोलनाचा काळ काढता येतो. झोका हाही लंबकच आहे. मुलगी वाकली की तिचा गुरुत्वमध्य खाली जातो व लंबकाची लांबी वाढते. ती उभी राहिली की लांबी कमी होते. जी लांबी आपण गणितात एकदा लिहून मोकळे होतो, तीच येथे क्षणाक्षणाला बदलत आहे, आणि त्या बदलामुळेच झोक्याचा सारा खेळ पालटला आहे!

गणितात अशा राशीला ‘प्राचल’ म्हणतात. ज्यांचे उत्तर आपल्याला हवे असते ते ‘चल’. आणि उत्तर काढण्यासाठी ज्यांची किंमत आपण बाहेरून ठरवून देतो ती प्राचले. झोक्याचा कोन हा चल, दोरीची लांबी हे प्राचल. ही प्राचले काळाबरोबर बदलू लागली तर काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. मात्र उदाहरण झोक्याचे नाही, गवताचे घ्यायचे आहे. पदार्थविज्ञानाचा शिक्षक गवतात कोठे शिरला, असे तुम्ही विचाराल. त्याला एक कारण घडले.

एका विद्यार्थ्याची शंका

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात मी एकदा फळ्यावर कुरणाचे गणित मांडले होते. गवत किती वाढते, जनावरे किती खातात, आणि कुरण न बिघडता त्यावर किती जनावरे पोसता येतील, असे ते सरळ गणित होते. तास संपल्यावर माणदेशातून आलेला एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याच्या घरी मेंढरे आहेत. तो म्हणाला, “सर, तुमच्या गणितात पाऊस दरवर्षी सारखाच पडतो. आमच्याकडे तर तसा कधीच पडत नाही.”

मी त्याला सांगितले, “अरे, मी सरासरी घेतली आहे.” तो म्हणाला, “पण सर, मेंढरू सरासरी खात नाही. त्याला त्या वर्षीचं गवत लागतं.”

त्याचे म्हणणे मला पटले. घरी जाऊन मी तेच गणित पुन्हा मांडले. आता तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.

साधे प्रतिमान

एखाद्या गोष्टीचे मुख्य नियम तेवढे घेऊन गणितात तिची नक्कल करणे याला ‘प्रतिमान’ तयार करणे म्हणतात. आपल्या प्रतिमानात एकच कुरण आहे. ते गवताने पूर्ण भरले तर त्यात १०० मापे गवत मावते असे समजू.

गवत कसे वाढते? थोडे गवत असेल तर वाढणारी पातीच थोडी, म्हणून वाढ थोडी. गवत भरपूर असेल तर पाती एकमेकांवर सावली धरतात, पाणी व जागा कमी पडते, म्हणून तेव्हाही वाढ थोडीच. मधल्या अवस्थेत वाढ सर्वांत जास्त होते. बेल्जियमचा गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ साली लोकसंख्येसाठी मांडलेले सूत्र येथे चालते :

वाढ = द × ग × (१ − ग ÷ १००)

यात ग म्हणजे आता असलेले गवत आणि द म्हणजे वाढीचा दर. हा द आपले पहिले प्राचल. दुसरे प्राचल च, म्हणजे कळप वर्षाला किती मापे गवत खातो ते. मग पुढच्या वर्षीचे गवत असे :

नवे गवत = जुने गवत + वाढ − च

आता द = १ आणि च = २० घ्या. सुरुवातीला ७२ मापे गवत आहे. वाढ = १ × ७२ × ०.२८, म्हणजे जवळजवळ २०. जेवढे वाढले तेवढे खाल्ले. पुढच्या वर्षी पुन्हा ७२, त्याच्या पुढच्या वर्षीही ७२. कुरण समतोल आहे.

सुरुवातीला ३० मापे असतील तर? वाढ २१, खाणे २०, म्हणजे ३१ उरले. पुढे ते हळूहळू वाढत ७२ कडे जाईल. पण सुरुवात २५ पासून केली तर? वाढ पावणेएकोणीस, खाणे २०. पूर्णांकात सांगायचे तर गवत २४ वर येते, मग २२, १९, १४, ६ आणि शेवटी शून्य. सुमारे २८ मापांच्या आसपास एक अदृश्य उंबरठा आहे. त्याच्या वर असलात तर कुरण स्वतःला सावरते. खाली घसरलात तर तोच कळप ते संपवतो.

हा उंबरठा म्हणजे नुसती कल्पना नव्हे. इम्मानुएल नॉय-मायर या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७५ साली गवताच्या वाढीचा आलेख आणि जनावरांच्या खाण्याचा आलेख एकाच कागदावर काढून हे दोन आलेख कोठे छेदतात याचा अभ्यास केला. एकाच कुरणाला दोन वेगळ्या स्थिर अवस्था, एक हिरवी आणि एक उजाड, असू शकतात असे त्याने दाखवले. पुढे १९७७ साली रॉबर्ट मे याने हाच विचार अधिक व्यापक केला. हा मे मूळचा सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचा माणूस होता, हे सांगताना मला अर्थातच थोडा आनंद होतो!

आता पाऊस बदलू द्या

माझ्या विद्यार्थ्याची शंका येथे येते. द हा दर पावसावर अवलंबून आहे. तो दरवर्षी १ कसा राहील? समजा, चांगल्या वर्षी द = १.८ आणि दुष्काळी वर्षी द = ०.२ आहे. दोन्हींची सरासरी बरोबर १ येते. कळप तोच, च = २०. आठ वर्षे घेऊ : चार चांगली, चार वाईट. प्रत्येक वेळी उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहू.

पहिला प्रयोग : एक वर्ष वाईट, एक चांगले, असे आलटून पालटून.
७२ → ५६ → ८० → ६३ → ८५ → ६८ → ८७ → ६९ → ८८

कुरण मजेत आहे. उलट, शेवटी गवत थोडे वाढलेलेच दिसते.

दुसरा प्रयोग : तीच आठ वर्षे, पण चारही वाईट वर्षे आधी आणि ओळीने.
७२ → ५६ → ४१ → २६ → १०

आता चार चांगली वर्षे यायची आहेत. पाऊस उत्तम झाला. द = १.८. वाढ किती? १.८ × १० × ०.९, म्हणजे सुमारे १६. पण कळपाला हवे २०. उरले ६. पुढच्या उत्तम वर्षी वाढ १०, खाणे २०. उरले शून्य! पावसाळा चांगला, आणि कुरण मात्र उजाड.

तिसरा प्रयोग : चार चांगली वर्षे आधी, चार वाईट नंतर.
७२ → ८८ → ८७ → ८७ → ८७ → ६९ → ५३ → ३८ → २३

कुरण खूप खालावले, पण मेले नाही. पुढचे वर्ष चांगले निघाले तर ते पुन्हा ३५ वर येते व सावरते.

तिन्ही प्रयोगांत वर्षे तीच, सरासरी तीच, कळप तोच. बदलला तो फक्त क्रम. सरासरीच्या गणिताने तिन्हींचे उत्तर ७२ असेच दिले असते! म्हणून प्राचलाची सरासरी घेऊन काढलेले उत्तर आणि बदलत्या प्राचलाने काढलेले उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरासरी कधी चालते, कधी चालत नाही?

मग सरासरी घेणे नेहमीच चूक का? तसे नाही. घरातला जुना तारेचा विजेचा दिवा आठवा. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे तो सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. तरी दिवा विझल्यासारखा वाटत नाही. कारण इतक्या थोड्या वेळात तार थंड होऊच शकत नाही. येथे सरासरी शक्ती घेतली तरी गणित बरोबर येते. पण संध्याकाळी दोन तास वीज गेली, तर ‘दिवसभराची सरासरी ठीक आहे’ असे म्हणून तुम्हाला अभ्यास करता येईल काय?

दोन्हींत फरक आहे तो काळाचा. प्रत्येक व्यवस्थेला बदलास प्रतिसाद देण्यास स्वतःचा असा एक काळ लागतो. प्राचल त्या काळाच्या मानाने फार भराभर बदलत असेल तर व्यवस्थेला फक्त सरासरी ‘दिसते’. प्राचल सावकाश बदलत असेल, किंवा वाईट किंमत बराच काळ टिकत असेल, तर व्यवस्था सरासरीमागे न जाता त्या बदलामागे जाते. पहिल्या प्रयोगात वाईट वर्षाची खोट पुढच्याच वर्षी भरून निघत होती. दुसऱ्यात चार वर्षे ती साचत गेली, आणि उंबरठा ओलांडला गेला.

प्राचले किती प्रकारे बदलतात?

कुरणाच्या प्रतिमानात प्राचले निरनिराळ्या तऱ्हांनी बदलतात.

पहिली तऱ्हा ऋतूंची. पावसाळ्यात दर मोठा, उन्हाळ्यात जवळजवळ शून्य. हा बदल घड्याळासारखा आहे, म्हणून तो आधीच सूत्रात घालता येतो.

दुसरी तऱ्हा दैवाची. यंदा पाऊस किती पडेल हे ठाऊक नसते. येथे शास्त्रज्ञ एक तर जुन्या पावसाच्या नोंदी ओळीने प्रतिमानात भरतात, किंवा संगणकाकडून फासे टाकल्यासारखे आकडे काढून घेतात.

तिसरी तऱ्हा एकाएकी होणाऱ्या बदलाची. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात बुळकांडीच्या साथीने विल्डबीस्ट या प्राण्याची पाडसे मोठ्या प्रमाणावर मरत. आसपासच्या गुरांना लस टोचल्यामुळे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस ही साथ तेथून हटली. मृत्यूचे प्राचल एकदम खाली आले, आणि १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या आसपास पोचले. साथीच्या काळातले प्राचल धरून बसलेल्या गणिताला हे कधीच सांगता आले नसते.

चौथी तऱ्हा सर्वांत फसवी. चराई अति झाली की माती उघडी पडते, पावसाबरोबर वाहून जाते, आणि मग पाऊस चांगला झाला तरी गवत पूर्वीइतके वाढत नाही. म्हणजे द हा दर चराईमुळेच घटत जातो. ज्याला आपण बाहेरून दिलेले प्राचल समजत होतो, तो खरे म्हणजे व्यवस्थेच्या आतला, सावकाश चालणारा चल होता!

सेंट मॅथ्यू बेटावरची गोष्ट

या चौथ्या तऱ्हेने केवढा अनर्थ होतो, ते पाहा. अलास्काच्या पश्चिमेस बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे सुमारे ३३० चौरस किलोमीटरचे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तेथे २९ रेनडिअर सोडले. तेथील केंद्रावरच्या माणसांना अडीअडचणीला मांस मिळावे हा हेतू. पुढे माणसे निघून गेली, रेनडिअर राहिले. बेटावर त्यांना खाणारा कोणताही मोठा हिंस्र प्राणी नव्हता, आणि जमिनीवर दगडफुलाचा जाड थर पसरलेला होता. हिवाळ्यात रेनडिअरांचे ते मुख्य अन्न.

डेव्हिड क्लाइन या जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली तेथे जाऊन गणती केली. १,३५० रेनडिअर! १९६३ साली ६,००० भरले. म्हणजे या सहा वर्षांत दरवर्षी सरासरी २८ टक्के वाढ. हाच दर पुढे चालवला तर १९६६ साली किती यावेत? सुमारे साडेबारा हजार. प्रत्यक्षात १९६६ साली क्लाइनला जिवंत सापडले ते फक्त ४२. त्यांत नर एकच, तोही धड नव्हता. पुढे बेटावर एकही रेनडिअर उरला नाही.

काय झाले असेल? दगडफूल फार सावकाश वाढते. वर्षाला काही मिलिमीटर एवढेच. वर्षानुवर्षे साठलेला थर रेनडिअरांनी दोन दशकांत खाऊन संपवला. १९५७ पेक्षा १९६३ मध्ये प्राण्यांचे वजन कमी भरत होते, ही धोक्याची पहिली खूण होती. संख्या मात्र वाढतच होती. मग १९६३-६४ चा हिवाळा अतिशय कडक आला. अन्नाचे प्राचल हळूहळू खाली आलेले आणि हवामानाचे प्राचल एकदम बिघडलेले, अशी दोन्ही संकटे एका वेळी कोसळली. नुसते आकडे पुढे ओढणाऱ्याला १९६३ साली सर्व काही उत्तम दिसले असते.

मेंढपाळाचे शहाणपण

आता आपल्या दुसऱ्या प्रयोगाकडे परत येऊ. चार वाईट वर्षे ओळीने आली तर कुरण वाचवायचे कसे? पाऊस आपल्या हातात नाही. म्हणजे द आपल्या हातात नाही. पण च आहे! समजा, वाईट वर्षी निम्मा कळप दुसरीकडे नेला; म्हणजे वाईट वर्षी च = १० आणि चांगल्या वर्षी २०. मांडून पाहा :
७२ → ६६ → ६० → ५५ → ५० → ७५ → ८९ → ८७ → ८७

कुरण वाचले. एका प्राचलाच्या बदलाला दुसऱ्या प्राचलाच्या बदलाने उत्तर दिले.

हे गणित मांडले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी नवीन काहीच शोधलेले नाही. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परत येतात. देशावरचे गवत वाळले की तिथला च कमी करायचा, हेच ते करत आले आहेत. उत्तर केनियातील तुर्काना पशुपालकही पावसामागे कळप हलवतात. त्यांचा अभ्यास करून एलिस आणि स्विफ्ट या शास्त्रज्ञांनी १९८८ साली असे मांडले, की जेथे वारंवार दीर्घ दुष्काळ पडतात तेथे कुरण आणि कळप यांचा समतोल कधी जमतच नाही. म्हणून ‘या जमिनीवर इतकीच जनावरे’ असा एकच कायमचा आकडा तेथे लागू पडत नाही. ठरलेल्या आकड्यावर बेतलेल्या योजना अशा प्रदेशात का फसतात, आणि फिरत्या कळपाची वाट अडवली तर काय बिघडते, हे आता तुम्हीही समजू शकाल.

दोन सूचना

पहिली सूचना. आपले प्रतिमान फार साधे आहे. गवत विरळ झाले की जनावराला शोधायला वेळ लागतो आणि ते कमी खाते. आपण मात्र च कायम धरला. हॉलिंग या शास्त्रज्ञाने १९५९ साली भक्ष्याची दाटी आणि भक्षकाचे खाणे यांचा असा संबंध मांडला होता, आणि खऱ्या प्रतिमानांत तो वापरतात.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. प्राचले हवी तशी बदलण्याची मोकळीक घेतली, तर कोणतेही प्रतिमान कोणत्याही निरीक्षणाशी जुळवता येते. ती फसवणूक झाली, आणि बहुधा आपलीच. म्हणून प्राचल का बदलले याचा पुरावा प्रतिमानाच्या बाहेरून आणावा लागतो. पाऊस पर्जन्यमापकाने मोजायचा. गवताची वाढ मोजण्यासाठी कुरणाचा लहान तुकडा कुंपण घालून जनावरांपासून राखायचा, एक मीटर लांब-रुंद चौकटीतले गवत कापायचे, वाळवायचे आणि तोलायचे. संगणक कितीही मोठा असो, या तराजूवाचून त्याचे चालत नाही.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाने एक नाणे घ्यावे. छापा पडला तर चांगले वर्ष, द = १.८; काटा पडला तर वाईट, द = ०.२. ७२ मापांपासून सुरुवात करून च = २० ठेवून वीस वर्षे मांडावीत. कुरण शून्यावर आले की थांबावे. मग किती जणांची कुरणे उजाड झाली ते फळ्यावर लिहावे. नंतर च = १५ व च = १० घेऊन पुन्हा करावे. शेवटी वाईट वर्षी १० व चांगल्या वर्षी २० असा च घेऊन पाहावे.

तुमच्या लक्षात येईल की आता ‘कुरणात किती गवत राहील?’ या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. ‘शंभरातील किती कुरणे वाचतील?’ एवढेच सांगता येते. बदलत्या प्राचलांची प्रतिमाने असेच उत्तर देतात. ते एका ठाम आकड्याइतके समाधान देत नाही, पण ज्याची मेंढरे त्या कुरणावर जगायची आहेत त्याला हेच उत्तर उपयोगी पडते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी ही आकडेमोड दाखवली. त्याने दुसऱ्या प्रयोगावर बोट ठेवले आणि म्हणाला, “सर, हे आता आमच्या गावासारखं दिसतंय.”